शांताक्काचा अर्धा उजेड

शांताक्का गेल्याचा फोन आला तेव्हा त्यांच्या सुनेचा, शिवलीलाचा हात माझ्यावर होता. दिवेलागणीची वेळ होती. तिने मला अर्धेच फिरवले होते. फोन सोलापूरच्या दवाखान्यातून होता, तिचा नवरा शंभुलिंग बोलत होता. ऐकता ऐकता तिने हात काढला आणि भिंतीला टेकून ती खाली बसली. बल्ब अर्ध्या उजेडावर तसाच राहिला.

मित्रांनो, मुरुम गावातल्या या घरातला जुना डिमर तो मीच. माझी मूठ पंख्याच्या रेग्युलेटरसारखी गोल आहे, म्हणून पुष्कळ लोक मला रेग्युलेटरच समजतात. पण पंखा माझे काम नाही. मी फक्त बल्बाचा उजेड कमीजास्त करतो. दूरच्या एका कारखान्यात मला बनवले. नंतर उमरग्याच्या दुकानात मी बराच काळ खोक्यात पडून होतो. गिऱ्हाईक साधी बटने घेऊन जायचे. मला कोणी हात लावत नसे.

शांताक्कांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आणि त्यानंतर त्यांना उजेड टोचू लागला. त्यांचे यजमान वीरप्पा यांचे सरकी-पेंडीचे दुकान आहे. ते संध्याकाळी घरी येऊन ट्यूब लावायचे आणि शांताक्का पदर डोळ्यांवर घ्यायच्या. ट्यूब बंद केली तर वीरप्पांना ताटातले दिसायचे नाही. असे पुष्कळ दिवस चालले. मग शंभुलिंगने मला आणले.

मला बसवायला गोरोबा वायरमन आला. त्याने आधी मेन बंद केला. मग टेस्टर लावून वीज खरेच गेली का ते पाहिले. जुने बटन काढून, ज्या तारेतून वीज येते ती तार आणि बल्बाकडे जाणारी तार अशा दोनच तारा त्याने मला जोडल्या. ट्यूबच्या जागी एक पिवळा बल्ब लावला. शांताक्कांनी विचारले, हे उजेड कमी कसा करते? गोरोबा म्हणाला, "अक्का, तुमी चुलीतलं जळण मागं ओढताव का न्हाय? तसंच समजा."

मला ते उदाहरण आवडले. खरे तर मी वीज सोडतो आणि लगेच थांबवतो. हे इतक्या भरभर होते की डोळ्यांना कळत नाही, त्यांना फक्त उजेड मंद दिसतो.

घरात दिवा लागला की हात जोडायचे, ही शांताक्कांची सवय. विजेच्या दिव्यालाही त्या जोडायच्या. पण माझा दिवा तर हळूहळू लागतो, मग हात केव्हा जोडायचे? त्यांनी ठरवले, उजेडाची पहिली चाहूल लागली की थांबायचे, हात जोडायचे, मग पुढे फिरवायचे. वीरप्पा त्यांना चिडवायचे, "अर्ध्या दिव्याला अर्धाच नमस्कार कर." शांताक्का म्हणायच्या, "तुमी एकदा पुरा करून दाखवा, मग बोला." ते माझे सुखाचे दिवस होते.

त्या फोननंतर शेतात माती देऊन सगळे परत आले. वीरप्पांनी सांगितले, या दिव्याला कोणी हात लावायचा नाही. माणूस गेल्यावर त्याच्या जागेवर दिवा ठेवतात. वीरप्पांसाठी तो दिवा हाच झाला. लाईट गेली की बल्ब विझायचा, आली की पुन्हा अर्धाच लागायचा. भेटायला येणारे त्या अर्ध्या उजेडात बसून जायचे. शिवलीला निवडणे-टिपणे घेऊन स्वयंपाकघरात जायची. वीरप्पा मात्र तिथेच बसून राहायचे. दुकान बंदच होते.

एके दिवशी संध्याकाळी बल्ब उडाला. घरात पांढरा एलईडी होता, शिवलीलाने तो लावला. तो लुकलुकू लागला आणि बारीक गुणगुण ऐकू येऊ लागली. वीरप्पा माझ्याकडे बघत राहिले.

"हेबी गेलं," ते म्हणाले. "काढून टाकतो. साधं बटन बरं."

मित्रांनो, मी बिघडलो नव्हतो. प्रत्येक एलईडी माझ्याबरोबर चालत नाही, एवढेच. पण मला सांगता येत नव्हते. मी भिंतीवरून उतरलो असतो तर शांताक्कांचा उजेडही माझ्याबरोबर उतरला असता.

वीरप्पांनी पेचकस आणला आणि माझे स्क्रू काढले. मेन चालूच होता. त्यांचा हात तारांकडे येत होता. तेवढ्यात शिवलीला धावत आली.

"मामा, हात काढा. मेन चालू हाय."

"दिवेलागण झाली, पोरी. मेन पाडला तर देवळीतला दिवा जातो. देवाचा दिवा मी माझ्या हातानं घालवू व्हय?"

देवळीत झिरोचा लाल बल्ब रात्रंदिवस असायचा. शिवलीला वाद घालत बसली नाही. तिने पितळेची समई पुसली, तेल घातले, वात लावली आणि ती देवळीत ठेवली.

"आता देव अंधारात न्हाय," ती म्हणाली. "आता मेन पाडते."

वीरप्पांनी हात मागे घेतला. मेन बंद झाला. घरात समईचाच उजेड राहिला. त्यांनी टेस्टर लावून पाहिला, तो पेटला नाही. मग ते मला ओढून काढणार, तोच शिवलीला म्हणाली, "मामा, आधी न्हाणीतला पिवळा बल्ब लावून बघू. आत्याबाईंचा तसलाच होता."

"बेडा, राहू दे," वीरप्पा कानडीत पुटपुटले. पण ते बाजूला झाले. तिने न्हाणीतला बल्ब आणून लावला, माझे स्क्रू परत आवळून घेतले, मला मागे पार बंदवर फिरवले आणि मग मेन चालू केला.

"तुमी फिरवा," ती म्हणाली.

वीरप्पांनी मला हळूच फिरवले. उजेडाची पहिली चाहूल लागली. बल्ब लुकलुकला नाही, गुणगुणला नाही. वीरप्पा थांबले. त्यांनी हात जोडले, पुरते. मग त्यांनी मला शेवटपर्यंत फिरवले. किती दिवसांनी मी पुरा उजेड दिला. त्या उजेडात त्यांना कोपऱ्यातली धूळ दिसली.

"खोली झाडायला झाली," ते म्हणाले. "आता तिन्हीसांजंला नको. सकाळी झाडतो."

सकाळी त्यांनी खोली झाडली आणि दुकान उघडले. पुढच्या आठवड्यात शंभुलिंगने डिमरवर चालणारा एलईडी मागवून घेतला. आता मी संध्याकाळी पुरा असतो आणि झोपायच्या आधी अर्धा.

मित्रांनो, माझ्यासारखा कोणी तुमच्या घरी असेल तर त्याला चालणारा बल्ब द्या. पंखा आणि ट्यूब त्याच्यावर टाकू नका. दिवा लुकलुकला तर आधी बल्ब बदलून बघा. आणि मोठे माणूस बोर्ड उघडू लागले तर मेन पाडला का ते त्याला विचारा, मग कोणतीही वेळ असो.

शांताक्कांना स्वयंपाकघरातही एक डिमर हवा होता. सोलापूरला जाण्याआधी त्यांनी गोरोबाकडून भिंतीत खाच करून घेतली होती. ती खाच अजून रिकामी आहे.