दुलौरिन काकीच्या हातांचे वळ

लिंबातून रक्त निघालं, तसं सगळं गाव "अगं बाई!" करत मागे सरलं.

"बघा, नीट बघा!" गावचा मांत्रिक झाडूराम बैगा सुरी नाचवत ओरडला. "टोनहीनं पोरीचं रक्त प्यायलं, ते मी लिंबात ओढून आणलं! माझ्यापुढं चेटकीण टिकत नसते!"

समोर बिसाहूची दोन वर्षांची मोंगरा चादरीखाली निजवलेली होती. सकाळी अंगणात खेळता खेळता ती निळी पडली आणि गेली. पाठीवर बोटांचे वळ होते. शेजारच्या दुलौरिन काकीच्या बोटांचे.

"मी डोळ्यांनी पाहिलंय," बिसाहू सांगत होता. "शेतावरून आलो तर ही पोरीला मांडीवर पालथी टाकून पाठीत दणके घालत होती. मी हिसकावून घेतली, तोवर पोरीनं मान टाकली."

"अरे बाबा, तिचा श्वास..." दुलौरिन काकी बोलू लागली. बिसाहूनं तिच्या थोबाडीत मारली. मग बाकीच्यांचेही हात उठले.

कुणीतरी ठाण्यात कळवलं म्हणून काकी जिवंत राहिली. पोलिसांनी मोंगराला शवविच्छेदनासाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं.

"टोनही काय कापून सापडते?" बैगा तिथल्या आवारातही बरळत होता. "वळ बघा, वळ!"

डॉक्टर तिर्कीबाई बाहेर आल्या आणि बिसाहूशेजारी बाकावर बसल्या.

"वळ पाहिले मी. वरवरचे आहेत. मारानं गेली असती तर आत काही फुटलेलं, रक्त साचलेलं दिसलं असतं. तसं काही नाही. फुफ्फुसं मात्र फुगलेली, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके. श्वास कोंडल्याची शंका आली, म्हणून श्वासनळी उघडली."

त्यांनी वाटी पुढे केली. तळाशी सीताफळाची एक काळी बी होती.

"घशात काही अडकलं की लहान मुलाला असंच डोकं खाली करून पालथं धरतात, पाठीत थापट्या मारतात. ती बाई तुमच्या मुलीला वाचवत होती."

बिसाहूनं वाटी हातात घेतली. "मी हिसकावली नसती, तर..."

डॉक्टरांनी त्याच्या हातातून वाटी परत घेतली. "कदाचित वाचली असती. नक्की सांगता येत नाही."

"आणि लिंबातलं रक्त?" बैगानं विचारलं.

डॉक्टरांनी आतून सुरी आणि लिंबू मागवलं, कुंपणावरचं जास्वंदीचं फूल तोडून सुरीच्या पात्यावर चोळलं, वाळू दिलं आणि लिंबू कापलं. रस लाल झाला. "घरी कुणीही करून बघा," त्या म्हणाल्या. बैगा गुपचूप फाटकाबाहेर सटकला.

गावात परतल्यावर बिसाहू दुलौरिनच्या दारात गेला. आतून कडी होती.

"काकी, मी चुकलो."

"पोरीला माती दिलीस का?" आतून आवाज आला.

"दिली."

"मग जा घरी."

तो गेला नाही. ओट्याखालीच उभा राहिला. लोक जमले तेव्हा त्याला कुणाकडे वर बघवेना. मान खाली घालूनच तो बोलला, "माझी पोर घशात सीताफळाची बी अडकून गेली. सोडवणाऱ्या हातांतून मी तिला हिसकावलं, आणि आपण सगळ्यांनी मिळून त्याच बाईला मारलं. लिंबाला विचारू नका रे. मेलेल्या लेकराचं कारण डॉक्टरला विचारा. आणि लेकरू गुदमरत असेल, तर..."

मग त्यानं एक गुडघा टेकून रिकाम्या मांडीवर मूल पालथं धरल्यासारखं केलं, आणि दुसऱ्या हातानं हवेत थापट्या मारून दाखवू लागला.