पाठमोरी उडी

बाबांनी आयुष्यभर हिरोंच्या वाटणीच्या उड्या मारल्या. घोड्यावरून, छपरावरून, जळत्या गाडीतून. पडद्यावर चेहरा हिरोचा, हाडं मोडली ती यांची. मी एकदा म्हटलं, "बाबा, तुमचं तोंड कधी दिसणार?" तर म्हणाले, "दिसलं की काम गेलंच म्हणून समज."

आणि आता हा नवा दिग्दर्शक. त्याला म्हणे जुन्या साहसी सिनेमांची जान हवी होती. "काका, खरा पूल, खरी उडी! आणि या वेळी तुमचा चेहरा दिसलाच पाहिजे. लोकांना कळू दे." खरा पूल म्हणजे अर्धाच हं, उरलेला अर्धा आणि खालची दरी आमच्या स्पेशल इफेक्ट्सच्या ऑफिसात, माझ्या कॉम्प्युटरवर. पण बाबा हरखले. गुळगुळीत दाढी करून आले. या वयात एकच उडी, दुसरी विमावाले मारू देणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं.

उडी झकास झाली. खाली रचलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर बरोबर मधोमध पडले. मी मॉनिटरकडे बघत होते. पूल सोडताक्षणी बाबांनी हनुवटी छातीला लावली आणि तोंड फिरवलं. कॅमेऱ्याकडे पाठ. जन्माची सवय, ती कुणाचं ऐकते!

"दिसलो का गं?" खोक्यांतून डोकं वर काढत त्यांनी विचारलं.

"नाही."

ते परत खोक्यांतच बसले.

दिग्दर्शकाला काही फरक पडला नाही. "चेहरा तू बसव," मला म्हणाला. "तुझेच तर वडील आहेत. फक्त जोश दिसू दे."

मग बाबांना ऑफिसात बसवून सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि त्यावरून चेहरा केला. डोळे मोठे केले, भुवया चढवल्या. बाबा शेजारच्या खुर्चीवरून बघत होते. "हा मी नाही," म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "मग पडताना कसे दिसता तुम्ही? करून दाखवा ना!"

त्यांनी बिचाऱ्यांनी करून पाहिलं. दात विचकले, डोळे ताणले, मग सोडून दिलं.

"मला तरी काय माहीत गं? कुणी बघितलंच नाही कधी."

मला रडू यायला हवं होतं. बरं-वाईट काहीच वाटेना. भुवया होत्या तशाच ठेवल्या आणि फाईल पाठवून दिली.