बंबाच्या मागचा पत्रा

चांदपाशा पत्रेवाल्याला एक खोड होती. आपलं काम कुणाला दिसू नये, असं त्याला वाटायचं. जुन्या जालन्यातले बाकीचे पत्रेवाले लांबून मोजता येतील असे रिवीट ठोकायचे. हा मात्र रिवीटची डोकी घासून सपाट करायचा, वर खाचा बुजवणारी लांबी भरायचा, रंगाला रंग मिळवायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, आता शोधा जोड. जोड सापडला नाही की त्या दिवशी त्याला अर्धी भाकरी जास्त जायची. बायको मैमूना म्हणायची, लोक काम दाखवून मोठे होतात, तुम्ही लपवून होणार. माणसाला खोड असावी, पण ती कुठे नडेल याचा नेम नसतो.

दुष्काळात परदेशातल्या कुणा भल्या मंडळींनी इथल्या मदत समितीला एक ट्रेलर दिला होता. गोऱ्या लोकांनी सुट्टीत फिरायला बनवलेली ती चाकांवरची खोलीच. आत झोपायला फळी, एका कोपऱ्यात मोरी आणि मोरीशेजारी भिंतीत बसवलेला गॅसचा बंब. समितीनं त्यावर 'फिरता दवाखाना' असं लिहिलं, तो जीपला जोडला आणि खडी फोडायच्या कामांवर पाठवला. जीप सर्जेराव चालवायचा. डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार असं ठरलं होतं, आणि ते ठरलेलंच राहिलं. सगळा दवाखाना कांताबाई नर्सच्या डोक्यावर होता.

कांताबाई अंबडची, बौद्धवाड्यातली. तिच्या आईनं, चांगुणाबाईनं, लोकांच्या रानात निंदण-खुरपण करून तिला शिकवलं होतं. वस्तीतली ती पहिली नर्स. आईच्या तोंडी एकच वाक्य असायचं, माझ्या पोरीच्या हातून चूक होत न्हाई.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात कांताबाईनं चांदपाशाला बोलावून घेतलं. बंबाच्या पाठीमागे, ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला दीड वीत लांबरुंद जाळी होती. तिच्यातून खडीचा फुफाटा आत यायचा आणि कापूस, पट्ट्या, सगळं पिवळं पडायचं. ती म्हणाली, एवढी जाळी बुजवून द्या. उन्हाळ्यात बंब पेटवतंय कोण? खरं तर चांदपाशाला ती जाळी कशासाठी आहे ते समजलं होतं. चार स्क्रूवर पत्रा बसवावा, म्हणजे थंडीत काढता येईल, हे त्याच्या मनात येऊनही गेलं होतं. पण स्क्रूची डोकी दिसतात. त्यानं रिवीट मारले, घासले, लांबी भरली, वरून पांढरा रंग दिला. कांताबाईनं बोट फिरवून पाहिलं. जोड सापडला नाही तेव्हा ती हसली आणि त्याला स्वतःच्या हातानं चहा करून दिला. सर्जेराव त्या दिवशी डिझेल आणायला परतूरला गेला होता. थंडीत पत्रा काढावा लागेल, हे चांदपाशानं कुणालाच सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात सांगू म्हणाला आणि विसरला.

जानेवारीत वाटूरला एक अवघड बाळंतपण उरकून कांताबाई सकाळी ट्रेलरमध्ये आली. कडाक्याची थंडी पडली होती. तिनं सर्जेरावाला बंब पेटवायला सांगितलं. ट्रेलर आल्यापासून तो बंब पहिल्यांदाच पेटत होता. सर्जेरावानं पेटवला, आणि बाई न्हाऊन घेईतो चहा पिऊन यावा म्हणून तो फाट्यावर गेला. तासाभरानं आला तेव्हा दार आतून बंदच होतं. ते फोडावं लागलं. बाई मोरीतच बसलेली होती, भिंतीला टेकून, केस ओले.

डॉक्टरांनी सांगितलं, जळकी हवा कोंडली. समितीचे चिटणीस अण्णासाहेब ट्रेलरभोवती दोन फेऱ्या मारून आले. पांढऱ्या भिंतीत त्यांना काही दिसलं नाही. मग जे दिसत होतं ते त्यांनी धरलं: सर्जेराव बंब पेटता ठेवून चहाला गेला. हलगर्जीपणा कबूल असल्याच्या कागदावर सही कर आणि नोकरी सोड, म्हणजे पोलीस-कचेरी होणार नाही, असं त्यांनी त्याला सांगितलं. सहीसाठी आजची दुपार दिली होती. आणि आजच चांदपाशाला निरोप होता, की तो बंब काढा आणि भिंतीत पडेल ते भोक नीट बंद करा, ट्रेलर परत रस्त्यावर घालायचा आहे.

बातमी ऐकली तेव्हाच चांदपाशाला तो पत्रा आठवला होता. महिनाभर तो मनाला समजावत राहिला, की गॅसची नळी गळली असेल. आता समितीच्या आवारात तो ट्रेलरच्या बाहेर छिन्नी घेऊन उभा होता आणि आत सर्जेराव बंबाच्या नळ्या सोडवत होता. सोडवता सोडवता बोलत होता. एक महिना झाला, डोळ्याला डोळा नाही. बायको घास पुढे ठेवते, तो उतरत नाही. डोळे मिटले की दार दिसतं.

"म्या च्या प्यायला गेलो नसतो तं बाई जित्या राह्यल्या असत्या, चांदभाई," तो आतून म्हणाला.

चांदपाशानं पांढऱ्या भिंतीवर बोटं फिरवली. जाळीचे स्क्रू पत्र्याखाली होते, म्हणून आधी पत्राच काढावा लागणार होता. स्वतःचाच जोड शोधायला त्यालाही वेळ लागला. त्यानं लांबी खरवडली, रिवीट एकेक करून तोडले आणि पत्रा उचकटला. आतली बाजू काजळीनं काळीकुट्ट झालेली होती. बाहेर जायला निघालेला धूर त्या पत्र्यावर आपटून मागे फिरला होता, आणि ते सगळं तिथं लिहून ठेवल्यासारखं दिसत होतं. चांदपाशानं इकडेतिकडे पाहिलं. त्यानं पत्रा दुमडला आणि कोळशाच्या पोत्याखाली सारला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दोघांनी मिळून बंब बाहेर ओढला. सर्जेरावानं तो खांद्यावर घेऊन गोदामात नेऊन टाकला. परत आला तो कपाळाला आठ्या घालून.

"त्या बंबाला मागून एवढी मोठी जाळी हाय. मंग धूर बाहेर का गेला न्हाई?"

त्यानं सहज विचारलं होतं. त्याच्या मनात संशय असता तर चांदपाशा कदाचित खोटं बोललाही असता. पण समोरच्या माणसाचे डोळे खोल गेले होते, दाढी वाढली होती, आणि तो खरंच विचारत होता. चांदपाशानं पोत्याखालचा पत्रा काढून त्याच्या हातात दिला.

"जाळी बुजवेली होती. मीच बुजवली, उन्हाळ्यात. बाईनं धुरळ्यापायी सांगितलं होतं."

सर्जेरावानं काजळीवरून अंगठा फिरवला. मग तो ट्रेलरच्या पायरीवर बसला. आता हा उठून आपल्याला तुडवणार, असं चांदपाशाला वाटलं. खरं म्हणजे तुडवलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हंजे म्या न्हाई," सर्जेराव म्हणाला, आणि तोंडावर उपरणं धरून रडायला लागला. बराच वेळ रडला. रडून झाल्यावर त्याचा चेहरा महिनाभराच्या आजारातून उठलेल्या माणसासारखा झाला होता.

चांदपाशा म्हणाला, चल, आत्ताच अण्णासाहेबांकडे जाऊ, हा पत्रा दाखवू. सर्जेराव उठला, दोन पावलं चालला आणि थांबला.

"बाईनं सांगितलं होतं म्हणता. मंग आण्णासाहेब तेच लिहितेत. बाईनंच भोक बुजवून घेतलं, बाईचीच चूक. त्या म्हातारीला, बाईच्या आईला काय वाटंल, चांदभाई?" त्यानं पत्रा परत केला. "ऱ्हाऊ द्या. मला कळलं, बास झालं. आता सही करताना माझा हात कापायचा न्हाई. जीप काय, दुसऱ्याची बी चालवता येते."

चूक बाईची नव्हती. त्या बिचारीला बंबाचं काय माहीत? ज्याला माहीत होतं तो इथं उभा होता. चार स्क्रूंची गोष्ट तेवढी सांगायची होती. दिसायला वाईट दिसतं म्हणून मी स्क्रू लावले नाहीत, इतकंच वाक्य. ते सांगितलं असतं तर बाई सुटली असती, म्हातारी सुटली असती आणि सर्जेरावाला सही करायचं कारणच उरलं नसतं. वाक्य चांदपाशाच्या जिभेवर आलं. आणि तिथंच अडलं; त्याला मैमूना आठवली, दुकान आठवलं, पोलीस आठवले.

सर्जेरावानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तुम्ही खरं बोललात, फार मोठं मन लागतं, असं म्हणाला आणि कचेरीकडे निघाला. आवार चांगलं लांबरुंद होतं. चांदपाशा भोकाचं माप घ्यायला वळला. माप घेतलं, पुन्हा घेतलं, दोन्ही वेळा वेगळं आलं. त्यानं मान वर केली तेव्हा सर्जेराव कचेरीच्या दारात चपला काढत होता. हाक मारली असती तर अजूनही ऐकू गेली असती.