जलजोगनीचा अभिषेक

"फट् फट् जलजोगनी, स्वाहा!" बटुकनाथ बाबा ओरडला. सात बायकांनी डोक्यावर उंच धरलेल्या घागरी टाकीत ओतल्या, त्यातूनच पुन्हा भरल्या, पुन्हा ओतल्या. सगळं शिरगाण गाव टाकीभोवती माना वाकवून उभं होतं. अर्ध्या तासापूर्वी गावचा प्रधान लोतराम याचे ट्राउट मासे कुशीवर पडून धापा टाकत होते. आता एकेक सरळ झाला आणि शेपटी हलवत तळाशी गेला.

"जय जोगनी!" म्हणत लोतराम बाबाच्या पायांवर असा कोसळला, की त्याची कुल्लू टोपी टाकीत पडून बुडाली. बाबाने तिलाही आशीर्वाद दिला.

मागे उभी असलेली हिरमणी मास्टरनी दातओठ खात होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरामागच्या दोन टाक्यांत ट्राउट पाळायची. गावाच्या वर धरण झालं, त्याच्या तळाचं पाणी बंद पाइपाने सगळ्यांच्या टाक्यांत येऊ लागलं, आणि भाद्रपद लागला की मासे पाण्यावर तोंड काढून मरू लागले. तोंड उघडतात म्हणजे भूक लागली असणार, असं शहाण्यांनी ठरवलं आणि मुठी मुठी खाद्य टाकलं. मासे आणखी मेले. मग हिरमणीने दारोदार फिरून अर्जावर अंगठे घेतले: पाण्यात हवा मिसळा, मगच खाली सोडा. सोमवारी अर्ज धरणावर न्यायचा होता. रविवारी बाबा गावात अवतरला, तोही धरणाच्या ठेकेदाराच्या जीपमधून. संसार सोडलेल्या माणसाला पायी चालणं कसं झेपणार!

"बच्चा," बाबा लोतरामला म्हणाला, "धरणाचा दोष नाही. पाण्याची देवी जोगनी रुसलीय. तिच्या पाण्याविरुद्ध कागद लिहिता? आत्ताच्या आत्ता होमात टाका तो!"

अर्ज प्रधानाकडेच होता. लोतरामने तो खिशातून काढला. हिरमणी पुढे घुसली.

"थांबा प्रधानजी! बाबाजी, जोर मंत्रात आहे की घागरीत?"

"मंत्रात! घागर काय, नुसतं पितळ."

"मग माझ्या टाक्यांवर दाखवा. पाइप एकच, मासे दोन्हीकडे मरायला टेकलेत. डावीकडे तुम्ही मंत्र म्हणा, पण वरून ओतायचं नाही. घागर पाण्यात बुडवून आतल्या आतच रिकामी करायची. उजवीकडे आम्ही वरून ओततो, मंत्राशिवाय."

बाबा चुळबुळला. पण गर्दीलाच चेव आला. "दाखवाच बाबाजी!" म्हणत सगळे त्याला घेऊन हिरमणीच्या घरामागे आले.

"उजवीकडे म्हणायचं तरी काय गं?" सात जणींतल्या कुब्जा चाचीने घागर उचलत विचारलं.

"चाचाला रोज घालतेस त्या शिव्या घाल."

चाचीला एवढंच हवं होतं. "मेल्या ताबेराम! गाय काय तुझा बाप बांधणार? आयतोबा! ढोसतोस आणि पसरतोस!" प्रत्येक शिवीला उंचावरून एक घागर. लोक पोट धरधरून हसत होते. ताबेराम चाचाने अंगावरच्या लोकरी पट्टूत तोंड लपवलं.

डावीकडे बाबाचा आवाज चढत चढत नाकात गेला. हिरमणीचा एक मासा उलटा झाला, मग दुसरा. बोटाएवढे असल्यापासून तिने ते वाढवले होते. दोनदा तिचा हात घागरीकडे गेला, दोनदा तिने तो मागे घेतला. तिला रडू येत होतं आणि स्वतःचाच राग येत होता.

अर्ध्या तासात शिव्या खाल्लेले मासे तळाशी पोहू लागले. मंत्र ऐकलेले अकरा मेले.

"पुरे!" हिरमणी ओरडली. "इकडे ओता! वरून!" सगळं गाव धावलं, लोतरामसुद्धा.

बाबाने शेवटचा प्रयत्न केला. "जोगनीच या माउलीच्या मुखातून बोलली!"

"तीस वर्षं?" चाचाने पट्टूतून विचारलं.

हिरमणीने डोळे पुसले. "तळाचं पाणी महिनोन्‌महिने वाऱ्याला लागत नाही, त्यातला प्राणवायू संपतो. उंचावरून पडलं की पाणी हवा घेऊन खाली जातं. मासे भुकेले नव्हते, गुदमरत होते. आपण खाद्य टाकलं, ते कुजलं आणि उरलासुरला प्राणवायूही गेला."

"मग रोज असंच ओतत बसायचं?" लोतरामने विचारलं.

"तेच तर हवंय धरणवाल्यांना! आपण इथे घागरी ओतत बसायचं आणि वर जाऊन जाब विचारायचा नाही."

बाबा केव्हाच जीपकडे निघाला होता. त्याच्या मागे कोणी गेलं नाही. लोतरामने अर्जाची घडी सरळ केली, चाचीने अकरा मासे टोपलीत घातले आणि गाव सोमवारची वाट न पाहता धरणाच्या फाटकाकडे चढू लागलं.

डोळ्यांना दिसलं ते खरंही असेल. पण ते कशाने झालं, हे विचारून मगच हात जोडावेत. शिरगाणला एवढं कळायला हिरमणीचे अकरा मासे मरावे लागले.