हलकी मूर्ती

हमरापुरात केरूच्या गणपतीच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तिघे एकाच मोबाइलभोवती बसत: केरू, त्याची बायको मालू आणि माती मळणारा जनू. रात्रीच्या मालिकेचा भाग दुसऱ्या दिवशी असा पाहायचा, हा तिथला शिरस्ता. मालिकेतला औषध दुकानदार मुलीच्या आजारपणापायी बनावट औषधे विकू लागला, तेव्हा केरूने त्याची बाजू घेतली. पुढे दुकानदाराने आपल्या नोकरावर आळ घालून त्याला तुरुंगात धाडले, तरी केरूचे पालुपद तेच.

"त्याचा इलाज नव्हता."

"पयल्या भागापास्नं नव्हताच," जनू हसला. "शेवटाला बायकोलापण विकंल, शेट."

गणपतीला चार दिवस उरले असताना रोह्याच्या समीक्षा मॅडमची शाडूची मूर्ती तडकली. नवी वाळणे शक्य नव्हते. केरूने तशीच प्लास्टरची रंगवली आणि डोळ्यांच्या आखणीसाठी मालूपुढे ठेवली. मालूने ती मांडीवर घेतली नि ब्रश खाली ठेवला.

"हलकी हाय ही."

"एकच तर हाय. डोळे आख."

तिने आखले.

दीड दिवसाच्या विसर्जनाला तीन दिवस उलटले आणि जेवणाच्या सुट्टीतच फोन वाजला. मालिका थांबली.

"केरूभाऊ, मूर्ती बादलीत तशीच बसलीय हो," मॅडम रडवेल्या झाल्या होत्या. "बोटसुद्धा विरघळलं नाही. सासूबाईंनी अन्न सोडलंय."

"आमच्या जनूनं गोंधळ केला, मॅडम. गाडीत भरताना बदलली त्यानं."

इतके सहज शब्द आले, की केरू स्वतःच दचकला. जनूचा घास हातातच राहिला. तीस वर्षांत त्याने प्लास्टरला हात लावला नव्हता, आणि हे केरूइतके कुणालाच ठाऊक नव्हते. जनूने डबा झाकला, चपला घातल्या.

"येतो, वैनी."

तो गेल्यावर मालूने फोन केरूपुढे धरला. "लावा परत. खरं सांगा. डोळे मी आखले, तेपण सांगा."

केरूने फोन लावला. दारातून जनूची पाठ दिसत होती. अजून हाक पोहोचली असती.

"मॅडम, मीच येऊन मूर्ती नेतो," तो म्हणाला. मालू बघत होती. सांगायचे त्याच्या ओठांवर आले होते. "आन् जनूला काढलाय कामावरनं. काळजी करू नका."

मालूने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

"मॅडम, मी मालू. ह्यांचं ऐकू नका."