मुठीत तांदूळ धरून ऐकलेलं गाणं

कहाणी ऐकताना मुठीत तांदळाचे दाणे धरायचे आणि कहाणी संपेपर्यंत जागचं उठायचं नाही. दूध उतू गेलं तरी नाही, दारात कुणी हाक मारली तरी नाही. साखराबाईंना हा नेम सासूनं लावून दिला होता, आणि लातूरला आल्यापासून एकाही गुरुवारी तो चुकला नव्हता. ऐकायला कुणी नसलं तर त्या तुळशीला कहाणी सांगत. कुणाच्या तरी कानावर पडल्याशिवाय ती पोचत नाही, अशी त्यांची समजूत होती.

आपल्या मुलाचं कामही त्यांना तसलंच वाटे. बालाजी नांदेडच्या एका रेडिओ केंद्रावर काचेच्या बंद खोलीत बसून, न दिसणाऱ्या माणसांशी बोलायचा. दर रविवारी संध्याकाळी पाच ते सहा हिपहॉपचा कार्यक्रम, आणि बाकीचे दिवस स्वतःची नि दुसऱ्यांची गाणी बांधायची. रेडिओवर त्यानं नाव घेतलं होतं डीजे ढेकूळ.

"लेकराला कुणी ढेकूळ म्हणतं का रे?" साखराबाई म्हणाल्या होत्या.

"काळ्या रानातलं हाय, माय. पाणी लागलं की विरघळतंय, ऊन लागलं की डोकं फोडतंय."

"आन् तुझं काय विरघळलंय ते सांग आधी. तिशी आली."

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधी त्यांचं घर औसा तालुक्यातल्या एका गावात होतं. दगडमातीचं, जाड भिंतींचं, उन्हाळ्यात गार. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. पहाटे सात वर्षांच्या बालाजीला लघवीला लागली म्हणून त्या त्याला घेऊन अंगणाबाहेर आल्या. आत नवरा रामकिशन होता आणि चार वर्षांची वर्षाराणी. आधी आवाज आला. जमिनीच्या खालून, जड, पायातून पोटात शिरणारा. मग भिंत आली.

त्या दिवसाबद्दल साखराबाई एवढंच बोलत. आधी आवाज आला, मग भिंत आली.

पुढं लातुरात भावाच्या आधारानं त्यांनी खानावळ घातली. त्याच सुमाराला शिकवण्यांसाठी पोरांचे लोंढे लातूरला यायला लागले होते. कंधारची, नायगावची, अहमदपूरची पोरं. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, आणि डॉक्टर झाल्याशिवाय परत येऊ नकोस असं सांगणारा बाप. साखराबाई त्यांना वरण-भाकरी वाढत आणि परीक्षेच्या दिवशी प्रत्येकाच्या नावानं देवापुढं एक वात लावत. नव्वद पोरं असली तर नव्वद वाती.

बालाजीलाही त्यांनी शिकवणीला घातलं, पण त्याचं लक्ष डब्यांच्या झाकणांवर. रसायनशास्त्राच्या अभिक्रिया पाठ होईनात म्हणून त्यानं त्या यमकात बांधल्या आणि झाकणावर ठेका धरून म्हणायला लागला. आठ दिवसांत शेजारच्या खानावळीतली पोरंही ऐकायला यायला लागली. परीक्षेत एक अख्खी रांग ओठ हलवत पेपर सोडवत होती म्हणतात. रांगेतली चार पोरं डॉक्टर झाली. बालाजी जीवशास्त्रात नापास झाला.

त्याच पोरांत नांदेडचा ताहेर होता. घरचा धंदा लग्नाला आणि उरुसाला स्पीकर भाड्यानं द्यायचा. बापाला वाटलं मुलगा डॉक्टर व्हावा, ताहेरला ते आठ महिने वाटलं. परत गेला तो बालाजीशी दोस्ती करून. महिन्याभरानं एसटीच्या टपावर खालचा जड सूर काढणारा एक मोठा स्पीकर, वूफर, बांधून आला.

"मावशी, आता तुमच्या लेकाचा ठेका सुनो. झाकण विसरून जाल."

जेवणाच्या पंगतीत त्यांनी तो लावला. साखराबाई वरण वाढत होत्या. खालचा सूर निघाला, ताटं थरारली, आणि पुढं काय झालं ते त्यांना कळलंच नाही. भानावर आल्या तेव्हा त्या भर रस्त्यात उभ्या होत्या. एका हातात पळी, दुसऱ्या हातात नायगावच्या एका पोराची गचांडी. पोराच्या तोंडात अजून घास होता.

पोरं हसली. एक हसलं नाही, ते किल्लारीकडचं होतं. बालाजीनं वायर उपटली. वूफर गेला तो पुढं कित्येक वर्षं घरात आला नाही. त्या दिवसापासून घरी असला की बालाजी कानात इयरफोन घालून काम करी. बारा वर्षं साखराबाईंनी मुलाचं काम पाहिलं ते असं: एक गप्प माणूस, आणि त्याची हलणारी मान.

नांदेडला गेल्यावर मात्र त्याचं बरं चाललं. आधी साड्यांच्या दुकानाच्या आणि खतांच्या जाहिराती केल्या, मग रविवारचा तास मिळाला. रविवारी शिकवणीची चाचणी देऊन पोरं वैतागलेली असत, ती हाच कार्यक्रम लावून पडत. ताहेरच्या गोदामात आवाज घुमू नये म्हणून लग्नाच्या गाद्या चारी भिंतींना उभ्या करून त्यांनी रेकॉर्डिंगची खोली केली. तिथं कंधारपासून देगलूरपर्यंतची पोरं येऊन गाऊन गेली, कुणी मराठीत, कुणी दखनीत. नांदेडचा रेडिओ लातूरला लागत नसे, म्हणून बालाजी गाणी मोबाइलवर पाठवी. साखराबाई पोळ्या लाटता लाटता ऐकत. शब्द भराभर जात, पण आवाज लेकाचा होता.

मग लातूरला त्याच कंपनीचं केंद्र निघायचं ठरलं, आणि संध्याकाळचा रोजचा तास बालाजीला द्यायचा, असंही. साखराबाईंनी त्यासाठी नवसाचे अकरा गुरुवार धरले होते. आठव्या गुरुवारी दुपारी ताहेर आला. नव्या केंद्रात यंत्रं बसवायला तो महिनाभर आधीच आला होता. पाणी प्यायला, चहा प्यायला, तरी उठेना.

"बोल की रे," साखराबाई म्हणाल्या. "तोंड असं का करून राहिलास?"

"मावशी, बालाजी येत न्हाई."

"येत न्हाई म्हंजे?"

"साहेबांना म्हणाला, लातुरात वाजवीन तर खालचा आवाज कापून वाजवीन. साहेब म्हणले, मग ते हिपहॉप न्हाई, पत्र्याचा डबा हाय. दोघं बी अडून बसलेत. येत्या महिन्यात दुसऱ्याला घेणार." त्यानं मान खाली घातली. "लोकांचं नाव सांगतो, की इकडं भूकंपाची माणसं लई हायेत, घाबरतील. पण ते लोकांसाठी न्हाई, मावशी. तुम्हाला माहीत हाय कोणासाठी."

"पण मी ऐकतेच की त्याची गाणी. मोबाइलवर. मला कुठं भ्या वाटलं?"

ताहेर कसनुसा हसला. "मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरातून खालचा आवाज निघतच न्हाई. तुम्ही नऊ वर्षं अर्धंच गाणं ऐकून राहिलात."

साखराबाई चहाच्या कपाची कड पुसत बसल्या. लेकानं घरात कान बंद करून घेतले होते ते त्यांच्यासाठी, हे त्यांना ठाऊक होतं. पण अख्ख्या गावापुढं तो अर्धाच उभा राहणार होता, किंवा उभाच राहणार नव्हता, आणि तेही त्यांच्यासाठी, हे आज कळलं.

"ताहेर, ते खोकं अजून हाय का तुझ्याकडं?"

"वूफर? हाय की, केंद्रावरच. पण मावशी, नक्को."

"आण. त्याला सांगू नको."

त्याच संध्याकाळी पूजा झाली, कहाणी झाली. साखराबाईंनी मुठीतले दाणे देवापुढं ठेवले आणि डब्यातून नवी मूठ भरून घेतली. पाटावर बसल्या. ताहेर वूफरपाशी उकिडवा.

"कितना लावू?"

"ल्हान कहाणी लाव आधी."

त्यानं लावलं. पाय आपोआप उठायला निघाले. साखराबाईंनी मूठ आवळली. मुठीत दाणे असताना उठायचं नाही. त्या पायांना एवढंच सांगत राहिल्या. अर्ध्या मिनिटात ताहेरनंच बंद केलं. त्यांचा पदर घामानं भिजला होता आणि तो त्यांच्यापेक्षा जास्त घाबरला होता.

"अल्लाकसम, मावशी, बालाजीला कळलं तर मला जित्ता गाडंल."

"उद्या एक मिनिट," साखराबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या उठल्या. सरळ दाराबाहेर गेल्या, दाणे वाटेत सांडले. परत येऊन एक एक वेचले, देवाला हात जोडले, पुन्हा बसल्या. त्याच्या पुढच्या दिवशी बसून राहिल्या, पण डोळे मिटले की अंगण दिसे. मग त्या डोळे उघडे ठेवून भिंतीकडं बघत ऐकायला लागल्या. भिंतीवर दिनदर्शिका होती. तिच्यावर त्या नजर रोवून बसत. असे बारा दिवस गेले. शेजारची कोंडाबाई एकदा डोकावून म्हणाली, "वैनी, ही कोणत्या देवाची पूजा म्हणावी?" ताहेर म्हणाला, "ढेकळाची." कोंडाबाई कपाळाला हात लावून गेली.

दहाव्या गुरुवारी बालाजी नांदेडहून आला. नव्या केंद्रात आधीच पाठवलेलं आपलं सामान घेऊन जायला, असं म्हणाला. साखराबाई म्हणाल्या, मला बी ती काचेची खोली दाखव एकदा. तो नको नको म्हणत होता, पण त्यांनी पदर खोचला आणि मुठीत तांदूळ घेतले.

खोली लहान होती. दोन्ही बाजूंना स्पीकर, मधे बटणांचं मेज, एका कडेला पाण्याचा पेला. केंद्र अजून सुरू व्हायचं होतं, त्यामुळं आतलं बाहेर कुणालाच ऐकू जाणार नव्हतं. ताहेर काचेपलीकडं उभा होता. साखराबाई खुर्चीत बसल्या.

"तुझं गाणं लाव."

बालाजीनं हात पुढं केला आणि खालच्या आवाजाचं बटण खाली ओढायला लागला.

"ते कापू नको. आख्खं लाव."

"माय..."

"माझ्या मुठीत दाणे हायेत. मी उठणार न्हाई."

त्यानं ताहेरकडं पाहिलं. ताहेर छताकडं बघत होता. बालाजीला काय कळायचं ते कळलं. त्यानं बटण पुन्हा वर सरकवलं आणि गाणं लावलं.

आधी झाकणाचा ठेका आला. तो त्यांनी ओळखला, त्यांच्याच खानावळीतलं झाकण होतं ते. मग खालचा आवाज आला. घरच्या वूफरपेक्षा कितीतरी जड. खुर्चीतून, पायातून, पोटात. पेल्यातलं पाणी कापायला लागलं. साखराबाईंनी समोरच्या भिंतीकडं पाहिलं. इथं दिनदर्शिका नव्हती, नुसती भिंत. त्या बघत राहिल्या. गुडघे उचलले गेले, पुन्हा टेकले. दाणे तळव्यात रुतले.

आवाज आला होता. भिंत आली नाही.

गाणं संपलं. बालाजी बटणांकडं नाही, आईकडंच बघत होता. त्याचे डोळे भरले होते. साखराबाईंनी मूठ सैल केली.

"लई मोठं गाणं हाय की रे. मोबाइलवर एवढंसं वाटायचं."

"माय, भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की. न वाटायला काय झालं?" त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "पण भ्या त्या आवाजाचं न्हाई वाटत, बाळा. न सांगता आला, त्याचं वाटतंय. तू आधी सांगत जा. मग ज्याला बसायचं तो बसंल, ज्याला उठायचं तो उठंल."

पुढच्या महिन्यात केंद्र सुरू झालं. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचला साखराबाईंच्या खानावळीत वीसेक पोरं, कोंडाबाई आणि एक नवा रेडिओ होता. बालाजीचा आवाज आला.

"नमस्कार लातूर. मी ढेकूळ. आता खालचा आवाज येणार हाय. जड येणार हाय. घर हलत न्हाई, गाणं हाय. ज्यांना भ्या वाटतंय त्यांनी आवाज बारीक करा, लाज धरू नका. मी पाचापर्यंत मोजतो, मग लावतो."

तो सावकाश मोजायला लागला. साखराबाईंनी डब्यातून मूठभर तांदूळ घेतले, आणि कोंडाबाईचा हात ओढून निम्मे तिच्या मुठीत दिले.