अभिनंदन करणारा चोर

"कोण विचारतंय?" वर्लीनने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"आम्हाला ठाऊक नाही!" चर्चच्या तळघरातल्या खुर्च्यांवरून उत्तर आलं.

"एवढ्यात दमलात? वर देवापर्यंत पोचू दे की!"

"आम्हाला ठाऊक नाही!"

"मग काय करायचं?"

"पुसून टाकायचं!"

"आणि पहिल्याच ओळीत जो 'अभिनंदन' म्हणतो, तो कोण?"

"चोर!" सगळ्यांत मोठा आवाज ओथा गेन्स यांचा होता. गाड्यांच्या कारखान्यात वितळलेल्या लोखंडापाशी उभं आयुष्य गेलेलं, त्यामुळे कान अर्धे गेलेले आणि आवाज दुप्पट झालेला. मागच्या रांगेतल्या बायका तोंडावर हात धरून हसल्या. वर्लीनही हसली, आणि पुन्हा खुर्चीत टेकली. तिचा उजवा गुडघा सकाळपासून ठणकत होता.

ही युक्ती तिला त्याच आठवड्यात सुचली होती. चर्चमधल्या सिस्टर इडेलाला कुणीतरी फोन करून "तुमचा नातू तुरुंगात आहे, जामिनाचे पैसे पाठवा" असं सांगितलं, आणि त्या भल्या बाईने आपल्या अंत्यविधीसाठी साठवलेले पैसे बसल्या जागी देऊन टाकले. नातू तेव्हा शेजारच्या खोलीत झोपला होता. पास्टरसाहेबांनी वर्लीनला बोलावून म्हटलं, "लोकांना जरा सावध कर." तिने आधी कागदावर लिहून वाटलं. पण या मंडळींना कागद दिला की तो घडी होऊन पर्समध्ये जातो, आणि पर्समध्ये गेलेलं फक्त देवच शोधू शकतो. चर्चमध्ये मात्र पास्टरने एक ओळ टाकावी, यांनी ती दुप्पट जोराने परत करावी, की ती ओळ मरेपर्यंत सुटत नाही. म्हणून वर्लीनने तळघरातही तेच सुरू केलं. तिला वाटलं, आपण कधी नव्हे ते शहाणपण केलं.

इडेला मात्र त्या दिवसापासून वर्गाला येईनाशी झाली. लाजेने घरात बसली.

वर्लीन टिब्जने वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना वाढलं होतं. शाळा बंद झाली, मग एका संस्थेने तिला ही नवी नोकरी दिली. डेट्रॉइटच्या या पूर्व भागात इंटरनेट कंपन्यांच्या तारा मोठ्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या आणि तिथेच दमल्या होत्या. संस्थेने चर्चच्या मनोऱ्यावर डबे बसवून गल्ल्यांत इंटरनेट आणलं, आणि लोकांच्या हातात टॅबलेट देऊन ते शिकवायचं काम वर्लीनकडे आलं. ऑफिसच्या बैठकांत गोरी-काळी तरुण मंडळी पडद्यावर चित्रं दाखवत म्हणत, "दरी बुजवायची, वस्तीत संपत्ती उभी करायची." वर्लीन मान डोलवायची. दरी बुजवायला निघालेल्या बाईला घरोघरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात, हे त्या चित्रांत कुठे नव्हतं.

सुरुवातीला कुणी दारच उघडेना. गळ्यात ओळखपत्र अडकवून जो येतो तो पाणी तोडायला तरी येतो नाहीतर घराबाहेर काढायला, एवढं इथल्या लहान पोरालाही कळतं. मग तिने ते ओळखपत्र पर्समध्ये टाकलं आणि दारातून हाक मारायला लागली, "अहो, मी आहे, शाळेतली जेवणवाली!" तेव्हा कुठे कड्या निघाल्या.

मिस्टर ओथांच्या दाराची कडी निघाली तेव्हा आत छप्पर गळत होतं.

त्यांचं घर आईने घेतलेलं. आई अलाबामातून आली, लोकांचे कपडे धुवून तिने हे घर उभं केलं, आणि बँका या वस्तीतल्यांना दारात उभं करत नसत त्या काळात त्याचे हप्ते फेडले. ओथांकडे दुसरी इस्टेट नव्हती. नात जलीसा अटलांटात दुसऱ्याच्या दुकानात केसांच्या वेण्या घालायची, भाड्याच्या खोलीत राहायची. "वरचा मजला राहण्याजोगा झाला तर मी येते," ती म्हणाली होती. "खाली पुढच्या खोलीत माझं दुकान टाकते. तुमच्यावर लक्षही राहील." ओथांनी त्या पुढच्या खोलीतला सोफा तेव्हाच भिंतीशी सरकवून ठेवला होता.

एक ट्रस्ट अशा घरांना फुकट छप्पर घालून देणार होता. अर्ज फक्त इंटरनेटवरून. वर्लीनने ओथांच्या शेजारी बसून जानेवारीभर तो भरला. म्हातारा एका बोटाने अक्षरं दाबायचा, दारावरची बेल दाबावी तशी, आणि दाबून झालं की कुणी येतंय का ते बघायचा.

"आता काय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आता वाट बघायची, मिस्टर ओथा. उत्तर येईल."

उत्तर कुठून येईल, हे ती बोलली नाही. तिला ते सांगायची गरज वाटली नाही.

मार्च संपत आला. मंगळवारी वर्गाआधी वर्लीन लॅपटॉपच्या वायरी सोडवत बसली होती, तेवढ्यात तळघराच्या जिन्यावरून इडेला उतरली. हातात केकचा डबा, डोक्यावर रविवारची टोपी, आणि चेहरा उजळलेला.

"सिस्टर इडेला! आलात एकदाच्या!"

"अगं, लाज सोडली मी. लाजेने काय छप्पर गळायचं थांबतं?" इडेलाने डबा टेबलावर ठेवला. "पण आता थांबणार! मला छप्पर मिळालं गं वर्लीन! त्या ट्रस्टचं! वर्गात भरला होता ना मी अर्ज!"

वर्लीनने तिला मिठी मारली. खरंच बरं वाटलं तिला. या बाईच्या घरात गेल्या महिन्यात रडण्याशिवाय दुसरं काही घडलं नव्हतं.

"कधी कळलं?"

"गेल्या गुरुवारी. मेसेज आला, अभिनंदन म्हणून. नाव लिही, जन्मतारीख लिही, लायसनचा फोटो पाठव. मी पाठवून दिलं लगेच. नातू ओरडला माझ्यावर, म्हणाला आजी, परत फसलीस! मी म्हटलं, फसले तर फसले, आता माझ्याकडे उरलंय काय चोरायला? आणि काल माणूस येऊन माप घेऊन गेला की!" इडेला हसता हसता खाली वाकली. "तो सांगत होता, माझं नाव खरं तर मागे होतं. पुढच्या कुणी उत्तरच दिलं नाही म्हणे. देव बघतो गं, बघतो!"

वर्लीनच्या हातातली वायर तशीच राहिली. मिस्टर ओथांचा अर्जही त्याच ट्रस्टकडे होता. तिने केक कापला, सगळ्यांना वाटला, आणि त्या दिवशी वर्गाला लवकर सुट्टी दिली. मिस्टर ओथा आले नव्हते. पाऊस असला की ते यायचे नाहीत, बादल्या रिकाम्या करायला घरी कुणीतरी लागे.

मोटारीत बसून तिने ट्रस्टला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड होती. गोड मुलींकडून वाईट बातमी ऐकायची वर्लीनला आयुष्यभराची सवय होती.

"गेन्स, ओथा. हो मॅडम, त्यांची निवड झाली होती. आम्ही तीन वेळा मेल पाठवला. उत्तर आलं नाही, मग नियमाप्रमाणे पुढच्या नावाला दिलं."

"अहो, ते ऐंशीला टेकलेत. फोन तरी करायचात!"

"फोनही केला होता मॅडम. उचलला नाही."

उचलणार कसा? अनोळखी नंबर म्हणजे वसुलीवाला. या वस्तीत असला फोन कुणी उचलत नाही. वर्लीन स्वतः उचलत नाही.

"आता काही होणार नाही का?"

"पुढच्या वर्षी पुन्हा योजना आली तर नक्की अर्ज करा, मॅडम."

इडेलाकडून ते काढून घ्यायचा विचार वर्लीनच्या मनात आला नाही असं नाही. आला. तिला स्वतःची किळस वाटली आणि तिने गाडी सुरू केली.

ओथांच्या घरी दार उघडंच होतं. आत वरच्या मजल्यावरून टपटप ऐकू येत होतं. म्हातारा पुढच्या खोलीत सोफ्यावर बसला होता, मांडीवर टॅबलेट.

"ये पोरी, ये! बरी आलीस. तुला वर्गात सांगणार होतो, पण हा पाऊस कुठे सोडतोय? बस. गुडघा कसाय?"

"आहे जागेवर. मिस्टर ओथा, मला तुमच्याशी..."

"आधी माझं ऐक!" ते पुढे सरकले. तोंडभर हसू होतं. "माझ्याकडे पण आले होते. चोर!"

वर्लीन त्यांच्या शेजारी टेकली.

"तीनदा आले. म्हणे अभिनंदन! म्हणे तुम्हाला छप्पर मिळालंय! नाव सांगा, जन्मतारीख सांगा, लायसनचा फोटो काढा." ओथांनी मांडीवर थाप मारली. "बघ किती हरामखोर! गळतं कुठे ते बरोबर हेरतात. मी म्हटलं, बाबांनो, या शहराने मला सत्तर वर्षांत एक कौल फुकट दिलं नाही, आणि आता अख्खं छप्पर? पहिल्यांदा बोट जरा अडलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, खरं असलं तर? पण मग तू आठवलीस. कोण विचारतंय? ठाऊक नाही. टाकलं पुसून! तिन्ही वेळा!"

ते तिच्या शाबासकीची वाट बघत होते. शाळेत ताट पुढे करून उभी राहिलेली पोरं बघायची तसे.

न सांगता निघून जाता आलं असतं. वर्लीनला तसं फार वाटलं. ती आज पुष्कळ पायऱ्या चढली होती, गुडघा सुजला होता, आणि हा माणूस खूष होता. शिवाय इडेला चार दिवसांत सगळ्या चर्चला सांगणारच होती. पण मग ते त्यांना इडेलाच्या तोंडून कळलं असतं, भर वर्गात, सगळ्यांसमोर.

"मिस्टर ओथा," ती म्हणाली, "ते चोर नव्हते."

"काय?" त्यांनी कान पुढे केला.

तिला ते पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने. "ते चोर नव्हते! ते ट्रस्टचे होते. जानेवारीत आपण भरला ना अर्ज, त्याचं ते उत्तर होतं. तुम्हाला मिळालं होतं छप्पर. मी चोराचं शिकवलं, आणि खरं उत्तर पण या टॅबलेटवरच येईल हे सांगायचं राहिलं. चूक माझी आहे."

ओथांचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं, मग हळूहळू उतरलं.

"मी पोस्टमनची वाट बघत होतो," ते म्हणाले. "रोज."

"माहितीये."

"आता?"

"पुढच्या नावाला गेलं. सिस्टर इडेलाला."

ओथांनी आपले हात उलटे करून बघितले. भाजल्याचे जुने पांढरे डाग होते त्यांवर. वर्लीन रडली. तिला रडायचं नव्हतं, तिचं वय आणि तिची नोकरी दोन्ही रडण्याची नव्हती, पण ती रडली.

"गप. गप गं," ते म्हणाले. "तू शिकवलंस ते मी शिकलो. याला चूक म्हणतात होय? या वयात मी काहीतरी पुरं शिकलो, ते तरी माझ्याकडे राहू दे." मग जरा थांबून म्हणाले, "इडेलाच्या न्हाणीघरात तर आभाळ दिसतं. मी बघितलंय."

ते उठून वर गेले. बादली ओतल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा श्वास लागला होता. सोफ्यावर बसून त्यांनी टॅबलेट उचलला आणि एका बोटाने दाबू लागले.

"कुणाला?"

"जलीसाला. ती रोज विचारते. तूच शिकवलंस ना हे चेहरा दिसायचं? मग बघ येतं का मला."

वर्लीन उठायला लागली, तर त्यांनी हातानेच तिला बस म्हटलं. ती सोफ्याच्या टोकाशी सरकली, चित्रात येणार नाही अशी. पडद्यावर मुलीचा चेहरा आला. मागे कुणाचे तरी केस अर्धे विणलेले दिसत होते.

"आजोबा! तुम्ही लावलात? स्वतः?"

"मग कोण लावणार? इथे काय नोकर आहेत?"

"काय म्हणतात ट्रस्टवाले? आलं का काही?"

"आलं की." ओथांनी घसा साफ केला. "आलं होतं. पण मी ते सिस्टर इडेलाला देऊन टाकलं."

वर्लीनने मान वर केली. ओथांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"देऊन टाकलं? आजोबा! अहो, मी इथे खोली सोडते म्हणून सांगायला निघाले होते!"

"नको सोडूस एवढ्यात. पुढच्या वर्षी बघू. बाईचं सगळं लुटलं गेलं गं, तिला गरज जास्त होती. आपलं काय, आपलं चाललंय."

मुलीने हातातली वेणी सोडली. मग हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "तुम्ही ना, फार भले आहात. तुमच्या भलेपणाने मी म्हातारी होणार या अटलांटात." तिने डोळे पुसले. "बरं, वरची खोली दाखवा तरी. किती गळतंय बघू."

"आत्ता कुठे? गुडघे दुखतात माझे," ओथा म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या डोक्यावरच्या छताच्या तपकिरी डागातून एक थेंब सुटून सोफ्याच्या पाठीवर पडला. गळणं आता खालपर्यंत आलं होतं. ओथांनी वर न बघता टॅबलेट जरा खाली कलता केला, इतका की पडद्यावर त्यांची हनुवटी आणि सदऱ्याचं वरचं बटण एवढंच उरलं.

"आजोबा, तुमचा चेहरा गेला. सरळ धरा ना."

"असू दे," ते म्हणाले. "मला अजून नीट धरता येत नाही. तू बोल, मला ऐकू येतंय."